घरच्या सुराचा कैवार

लहान मुलांच्या संगीतशिक्षणाविषयी एक मत आमच्या वऱ्हाडातील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे इतके रूढ झाले आहे, की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. अमरावतीच्या राजापेठेत आणि अकोल्याच्या जठारपेठेत, संगीतवर्गांच्या पायऱ्यांवर, शाळांच्या पालकसभांत आणि लग्नसमारंभांतील गप्पांत ते मी वारंवार ऐकले आहे. त्याचा आशय असा : संगीत हे शास्त्र आहे आणि शास्त्र जाणकारानेच शिकवावे, ज्या आईबापांना स्वरज्ञान नाही त्यांनी मुलासमोर गाणे म्हणजे त्याचा कोवळा कान कायमचा बिघडविणे होय, आठव्या वर्षापर्यंत मुलाचा गळा आणि बुद्धी ही दोन्ही अपक्व असल्याने तोपर्यंत या विषयाला हात घालू नये, आणि ते वय झाले म्हणजे मुलाला एखाद्या मान्यताप्राप्त वर्गात दाखल करून प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांच्या क्रमाने पुढे न्यावे, घराने शुल्क भरावे आणि मूल वेळेवर पोहोचेल एवढी तजवीज ठेवावी. हे मत सांगणारी माणसे संगीतावर प्रेम करणारी आहेत, त्यांतील काहींनी या कलेसाठी आयुष्य वेचले आहे, आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा विचार आदराने व सविस्तर केला पाहिजे. परंतु हे मत मुळातच चुकीचे आहे असे माझे स्पष्ट प्रतिपादन आहे. आणि त्याच्या प्रसारामुळे या प्रांतातील असंख्य घरांतले गाणे आज बंद पडत असल्याने त्याचा प्रतिवाद करणे मला कर्तव्य वाटते.

या मताचा पहिला परिणाम मुलांवर होत नाही, तो त्यांच्या आयांवर होतो. जिची आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणत होती, जिची आई भुलाबाईच्या दिवसांत साऱ्या आळीतल्या मुलींना गोळा करून गात होती, अशी एखादी तिशीतली बाई आज आपल्या तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन संगीतवर्गाच्या दारात उभी राहते आणि संकोचाने म्हणते, ‘आमाले कुठी गाता येते? आमी पोराले काय शिकवाव?’ तिला गाता येत नाही हे तिला कोणी सांगितले, केव्हा सांगितले, याचा तिला स्वतःलाही पत्ता नसतो. पण वर्गाची पाटी, परीक्षेचे प्रमाणपत्र आणि स्पर्धेच्या रंगमंचावरील झगमगाट यांनी मिळून जणू तिच्याविरुद्ध एक निकाल दिलेला असतो, आणि तो निमूटपणे मान्य करून ती घरी गाणे थांबविते. ज्या दिवशी ती थांबते त्या दिवशी त्या मुलाचा खरा पहिला संगीतवर्ग बंद झालेला असतो. पुढे आठव्या वर्षी जो उघडेल तो दुसरा.

प्रथम वयाचा मुद्दा घेऊ, कारण त्याच्यावर या मताची सारी मदार आहे. आठव्या वर्षाची ही सीमा कोठून आली? कंठाची पेशीरचना त्या वयात पूर्ण होते म्हणावे तर तसे नाही. मुलग्यांचा आवाज तर त्यानंतर पाच-सहा वर्षांनी फुटतो आणि त्या काळात त्यांना नव्याने गळा बसवावा लागतो. खरे कारण इतकेच, की लेखी अभ्यासक्रम, स्वरलिपी, तालाची बोलपट्टी आणि परीक्षकासमोर उत्तरे देणे या गोष्टी त्याआधीच्या मुलाला पेलत नाहीत. म्हणजे ही सीमा अभ्यासक्रमाच्या सोयीची आहे, मुलाच्या कानाची नाही. कानाचे वय तर फार आधी सुरू होते. १९८० साली अमेरिकेतील डिकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की जन्मून तीन दिवसही न झालेली बालके चोखण्याची लय बदलून परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज अधिक वेळ ऐकण्याची खटपट करतात. २००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्स येथील संशोधकांनी झोपलेल्या नवजात बालकांना ठेका ऐकवून, त्यातील मुख्य आघात गाळला असता त्यांच्या मेंदूत त्याची नोंद होते हे मोजून दाखविले. ज्याला सम चुकल्याची जाणीव पाळण्यात होते, त्याला लयीसाठी आठ वर्षे थांबविण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

या आठ वर्षांत मूल काय शिकू शकते, हे पाहण्यासाठी परदेशात जाण्याचीही आवश्यकता नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागिरीपर्यंत, वऱ्हाडात भुलाबाई बसते. भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मूर्ती मांडून आळीतल्या मुली संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी जातात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. या गाण्यांची रचना मी जितकी न्याहाळतो तितके माझे आश्चर्य वाढते, कारण बालकांच्या संगीतशिक्षणाचा याहून सुविहित पाठ एखाद्या शिक्षणशास्त्रज्ञाला बसून रचता आला असता असे मला वाटत नाही. चाल चार-पाच सुरांच्या आतच फिरते, त्यामुळे सर्वांत लहान मुलीचाही गळा कोठे तुटत नाही. एकच ओळ थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे जिला शब्द येत नाहीत तिलाही तिसऱ्या आवर्तनात सामील होता येते. एकीने प्रश्न करावा आणि सर्वांनी उत्तर द्यावे अशी योजना असल्याने आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि पाळी येताच अचूक जागी उचलणे हा लयीचा सर्वांत कठीण पाठ खेळता खेळता अंगी मुरतो. आणि टिपरीचा आघात हातात असल्याने ठेका डोक्यात मोजावा लागत नाही, तो मनगटात राहतो. या मुलींना कोणी ‘आता तुम्ही संगीत शिकत आहात’ असे सांगत नाही. त्यांच्यात पाच वर्षांची असते, बारा वर्षांचीही असते, आणि लहानी मोठीकडे पाहत पाहत शिकते. फ्लॅटसंस्कृतीत ही प्रथा क्षीण होत चालली आहे हे खरे. पण ती क्षीण होत असताना तिच्या जागी काय ठेवले जात आहे याचा विचार कोणी केला पाहिजे?

हीच गोष्ट हरिपाठाची. अकोट, बाळापूर, दर्यापूर या तालुक्यांतील कोणत्याही वारकरी गावात संध्याकाळी मंदिरात गेलात तर मोठ्या माणसांच्या रांगेच्या टोकाला, आपल्या पंज्याहून मोठा टाळ सांभाळत उभा असलेला एखादा सहा वर्षांचा मुलगा दिसतोच. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा तो अभंगाचा साचा रोज सत्तावीस-अठ्ठावीस अभंगांतून त्याच्या कानावरून आणि ओठांवरून जातो. साडेतीन चरणांनंतर श्वास कोठे घ्यायचा, धृपद कोठे उचलायचे, लय वाढली की पावलांनी ती कशी पकडायची, हे त्याला कोणी समजावून दिलेले नसते. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा बोटांवर मोजण्याचे शिक्षण त्याला पुढे मिळेल किंवा मिळणारही नाही. पण त्या आठ मात्रा त्याच्या देहात वसतीला आलेल्या असतात. मेळघाटातील कोरकूंच्या वस्तीत गादली-सुसून नृत्याच्या वेळी ढोल वाजू लागला म्हणजे रिंगणाच्या कडेला नाचणारी चार-पाच वर्षांची पोरे पाहावीत. त्यांना तालाची व्याख्या विचाराल तर ती सांगणार नाहीत. तालातून बाहेर मात्र जाणार नाहीत.

या भूमीने ज्या दोन महापुरुषांच्या कंठातून महाराष्ट्राला जागे केले त्यांची उदाहरणे येथे देणे अपरिहार्य आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका निर्धन कुटुंबात झाला. शाळेचे शिक्षण फार थोडे झाले. पण खंजिरीवरच्या त्यांच्या भजनाने पुढे खेड्यापाड्यांतील लक्षावधी माणसे एका लयीत बसविली आणि १९३५ साली मोझरीच्या गुरुकुंजात जो आश्रम उभा राहिला त्याच्या दिनक्रमाचा सामुदायिक प्रार्थना हा कणा ठरला. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ सालचा, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. अक्षरओळख नसलेल्या त्या देबूला (हे त्यांचे बालपणीचे नाव) गावच्या भजनाची ओढ लागली, आणि पुढे श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत, मध्येच सर्वांना गायला लावीत जी कीर्तने त्याने केली, त्यांत सुराचे आणि लयीचे जे भान होते ते कोणत्याही प्रमाणपत्रात मावणारे नव्हते. या दोघांनाही बालपणी कोणत्याही संगीतवर्गाची पायरी चढावी लागली नाही. त्यांच्या कानावर गाणे पडत होते आणि त्यात सामील होण्यास त्यांना कोणी मनाई केली नव्हती, एवढीच त्यांची पूर्वतयारी.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, आणि तसे म्हणतोही, की संत हे लोकोत्तर पुरुष. त्यांच्यावरून सामान्य घरांचा नियम ठरविता येत नाही. शिवाय भजन वेगळे आणि अभिजात संगीत वेगळे. ठीक आहे, मग अभिजाताकडेच वळू, आणि पुन्हा मूर्तिजापुरासच येऊ. २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म या गावी झाला. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यासारखा गुरू त्यांना लहानपणीच लाभला, पुढे असद अली खाँ, सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा थोरांकडून त्यांनी विद्या घेतली, बालवयात ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्णाची भूमिका केली आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना अजरामर केले. हे सर्व गुरूंचे ऋण. परंतु शंकररावांपर्यंत तो मुलगा पोहोचला तो कसा? त्याला एकटीने, कष्टाने वाढविणाऱ्या एका आईने त्याच्या गळ्यातले काहीतरी आधी ओळखले होते आणि त्याला गाण्यापासून अडविले नव्हते, म्हणून पोहोचला. जे घर गातच नाही त्या घरात मूल गाते आहे हे ओळखायचे तरी कोणी?

दुसरे उदाहरण खुद्द अमरावतीचे. कविवर्य सुरेश भट यांचा जन्म १९३२ सालचा. अडीच वर्षांच्या वयात पोलिओने एक पाय अधू झालेल्या या मुलाच्या घरात ग्रामोफोन होता, डॉक्टर वडिलांना संगीताची हौस होती, आईला कवितेचे वेड होते. मुलाला गाण्यात गती आहे असे दिसताच आईने बाजाची पेटी घरी आणली आणि शिक्षक त्यानंतर घरी येऊ लागले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : आधी घरात वाजणारे आणि गाणारे वातावरण, मग मुलाची गती लक्षात येणे, मग वाद्य, आणि मग शिक्षक. पुढे मराठी गझलेला त्यांनी जी नादमय शिस्त लावली, आणि आपल्या गझला गाऊन ऐकविण्याची जी त्यांची रीत होती, तिची मुळे या घरात नाहीत असे कोण म्हणेल? प्रत्येक घरातून सुरेश भट निर्माण होणार नाहीत. तो या लेखाचा दावाही नाही. दावा एवढाच आहे, की आज रूढ झालेला क्रम नेमका उलटा आहे : आधी वर्ग, मग वाद्य, मग परीक्षा, आणि घर शेवटपर्यंत मुके.

आता या मताच्या सर्वांत प्रभावी आक्षेपाकडे येतो. बेसूर आईबाप मुलाचा कान बिघडवितात, असे म्हटले जाते. या आक्षेपाने जितकी घरे गप्प झाली तितकी दुसऱ्या कशाने झाली नसतील, म्हणून त्याची तपासणी जरा सावकाश केली पाहिजे. ज्याला सूर मुळातच ओळखता येत नाहीत असा मनुष्य अस्तित्वात आहे हे खरे. कॅनडातील इझाबेल पेरेत्झ यांनी या जन्मजात उणिवेचा आयुष्यभर अभ्यास केला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनानुसार अशा माणसांचे प्रमाण दीड टक्का, म्हणजे हजारात पंधरा इतके आहे. उरलेली नऊशे पंच्याऐंशी माणसे सूर ओळखतात. त्यांच्यापैकी ज्यांना आपण बेसूर म्हणतो त्यांचा गळा सवयीअभावी कानाच्या आज्ञेत राहिलेला नसतो, एवढेच. आणि गळ्याची सवय ही गाण्यानेच लागते, गप्प राहण्याने नाही. जी आई मुलासाठी रोज चार गाणी म्हणेल तिचाच गळा सहा महिन्यांत आधी सुधारेल, हा या उपक्रमाचा एक लाभ आहे आणि तो लहान नाही.

ज्याला आपण मुलाचा बेसूरपणा समजतो त्याचे कारण तर पुष्कळदा याहून साधे असते. पुरुषाचा षड्ज पेटीवर साधारण काळी एक किंवा काळी दोन या पट्टीत बसतो, बाईचा काळी चार किंवा काळी पाचला. चार-पाच वर्षांच्या मुलाचा सुखाने फिरणारा आवाज बाईच्या पट्टीच्या जवळपास आणि त्याहूनही थोडा वर असतो, आणि त्याचा पल्ला पाच-सहा सुरांपलीकडे फारसा जात नाही. अशा मुलासमोर वडिलांनी आपल्या खर्जातल्या आवाजात आरती म्हटली, तर मूल त्या सुराला शोधण्याचा प्रयत्न करते, खाली उतरू पाहते, त्याच्या गळ्यात तो सूर नसतो, आणि ते बोलल्यासारखे गुणगुणू लागते. घरातले हसतात आणि ‘याला सूर नाही’ असा शिक्का त्या निरपराध बालकावर बसतो. उपाय इतका सोपा आहे की तो कोणालाही सांगता येतो : वडिलांनी गाताना आवाज वर घ्यावा, किंवा आईने वा मोठ्या बहिणीने गाणे उचलावे आणि मूल जेथून आपणहून गुणगुणते तोच षड्ज धरावा; मोठ्या माणसाच्या सुरात मुलाला ओढण्याऐवजी मोठ्याने मुलाच्या सुरात जावे. माझा अनुभव असा, की ‘सूर नाही’ म्हणून ज्यांना बाजूस बसविले होते त्यांतील पुष्कळ मुले पट्टी बदलताच सुरात येतात. तीन ते सात या वयात मूल आधी शब्द पकडते, मग लय, मग चालीचा चढउतार आणि सर्वांत शेवटी नेमका सूर. हा स्वाभाविक क्रम आहे. तिसऱ्या वर्षी सूर चुकणे हा दोष मानला, तर तिसऱ्या वर्षी ‘र’ म्हणता न येणे हाही दोष मानावा लागेल, आणि त्यासाठी आजवर कोणी मुलाशी बोलणे बंद केलेले नाही.

पेटीने कान बिघडतो हाही एक पोटआक्षेप आहे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता हे त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. श्रुतींच्या सूक्ष्म भेदांचा तो वाद विद्वानांचा आहे, पण चार वर्षांच्या मुलाला भूपाची एक सरगम ऐकविताना तो आडवा येण्याचे काही कारण नाही. पेटी असेल तर वाजवावी. नसेल तर तिच्यावाचून काही अडत नाही. तानपुऱ्याचा सूर आता साध्या मोबाइलवरही लावून ठेवता येतो आणि त्याच्याबरोबर घरातल्या सर्वांनी नुसता षड्ज धरला तरी तो एक उत्तम पाठ होतो.

गुरुपरंपरेचा दाखला देणाऱ्यांनी त्या परंपरेकडे जरा नीट पाहावे. खानदानी गवयांच्या मुलांनी विद्या घेतली ती कोणत्या वयात आणि कोठे? रांगत असताना, बापाच्या रियाजाच्या खोलीत, मातेच्या आणि आजीच्या अंगणात. मोगूबाई कुर्डीकरांच्या घरात किशोरी आमोणकरांना संगीत भेटले ते काही आठव्या वर्षाची वाट पाहत थांबले नव्हते. ५ मे १९०१ रोजी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि त्यांनी व पंडित भातखंड्यांनी आपापल्या परीने जे युगप्रवर्तक कार्य केले, त्याचा हेतूही गाणे गवयांच्या इजाऱ्यातून सोडवून सभ्य गृहस्थांच्या कुटुंबात पोहोचविणे हाच होता. ज्या काळी कुलीन घरातल्या मुलीने गाणे हे लांच्छन मानले जात होते त्या काळी या महात्म्यांनी ते दार उघडले. त्यांच्याच नावाने चालणाऱ्या परंपरेतील माणसांनी आज त्याच कुटुंबांना ‘तुम्ही यात पडू नका’ असे सांगावे, ही गोष्ट मला फार खेदाची वाटते.

जपानच्या शिनिची सुझुकी यांनी तर याच्या नेमके उलट करून दाखविले. मूल मातृभाषा ज्या रीतीने शिकते त्याच रीतीने वाद्य शिकू शकते, हे त्यांचे सूत्र. त्यांच्या पद्धतीत तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती व्हायोलिन येण्यापूर्वी आईने ते शिकायचे, एखादी रचना स्वतः वाजवायची, आणि मुलाने ते पाहून ‘मलाही दे’ म्हणायचे. हंगेरीचे झोल्टान कोडाय यांनी शाळांच्या संगीतशिक्षणाचा पाया आपल्या देशातील लोकगीतांवर घातला आणि वाद्याआधी गळा हा दंडक घालून दिला. या दोघांचे मोठेपण जगाने मान्य केले आहे. आम्हांला ते अपरिचित वाटण्याचे कारण नाही, कारण भुलाबाईच्या अंगणात या दोन्ही गोष्टी आधीपासून होत्या.

येथे आपल्याच पक्षातील एका भ्रमाचाही समाचार घेणे अवश्य आहे. काही पालक घरी संगीत सुरू करतात, पण ते मुलाची बुद्धी वाढावी, गणित सुधारावे म्हणून. या समजाचा उगम १९९३ सालच्या एका प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियातील छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकविली असता आकृत्यांच्या एका विशिष्ट परीक्षेत त्यांचे गुण तात्पुरते वाढले. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटे टिकला. त्या प्रयोगात एकही लहान मूल नव्हते. तरीही १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी अभिजात संगीताची तबकडी पाठविण्यासाठी सरकारी निधी मागितला, आणि तेथून ही कल्पना जगभर पसरली. संगीताला अशा जामिनाची गरज नाही. मूल गाते तेव्हा त्याला आनंद होतो, ते इतरांशी एका लयीत बांधले जाते. ज्यांना एवढे कारण पुरेसे वाटत नाही ते मुलाचे गणिताचे गुण अपेक्षेप्रमाणे वाढले नाहीत की गाणेही बंद करतात.

परीक्षांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीत वाढीव गुण देण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने केली, तेव्हा तिचा हेतू कलेला उत्तेजन देण्याचा होता आणि तो स्तुत्य होता. परंतु प्रत्यक्षात अनेक घरांत आता हिशेब मांडला जातो तो दहावीपासून मागे मोजत : अमुक इयत्तेपर्यंत अमुक परीक्षा झाली पाहिजे, म्हणून अमुक वयात वर्ग. गुण पदरात पडले की तंबोरा गवसणीत जातो. परीक्षा असावी, तिच्याने शिस्त येते आणि कष्टांचे मोजमाप होते. पण ज्याच्या घरात गाणे ही रोजची वहिवाट आहे त्या मुलाला परीक्षा पुढे नेते, आणि ज्याच्या घरात ती नाही त्याला परीक्षा फक्त उत्तीर्ण करते.

आणि ज्यांच्या गावी वर्गच नाही त्यांचे काय? अमरावती आणि अकोला शहरांत शुल्क देऊ शकणाऱ्यांची सोय होईल. मेळघाटातल्या, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातल्या, कपाशीच्या वेचणीला पहाटे निघून सांजेला परतणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी कोणता संगीतवर्ग आहे? जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत संगीताचा स्वतंत्र शिक्षक नाही. घराला अपात्र ठरविणाऱ्या मताचा खरा भार या मुलांवर पडतो, कारण घराखेरीज त्यांना दुसरे काही नाहीच. वेळ नाही हे कारण मी मान्य करतो, परंतु ते अर्धेच मान्य करतो. आंघोळ, जेवण, निजणे, शाळेची वाट, एस.टी.तला प्रवास, या साऱ्या वेळा गाण्याच्याच आहेत आणि वेगळा तास काढण्याची गरज त्यांत नाही. आई शेतात असेल तर आजी आहे, आजोबा आहेत, मोठी बहीण आहे. मुलाच्या हाती मोबाइल देऊन त्यात बालगीते लावून ठेवणे मात्र यात बसत नाही. यंत्र मुलाच्या सुरासाठी थांबत नाही, त्याच्या चुकीवर लय हळू करीत नाही, त्याने मध्येच बदललेल्या शब्दावर खळखळून हसत नाही.

घराच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. आवाज लावण्याची रीत, रागाची बढत, तालाची लयकारी, वाद्यावर हाताची बैठक या गोष्टी गुरूशिवाय येत नाहीत, आणि आठव्या-नवव्या वर्षी चांगला गुरू मिळणे हे मुलाचे भाग्यच होय. चार वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या पट्टीत किंचाळून गायला लावणे, स्पर्धेसाठी लावणीच्या अदा शिकविणे, त्याच्या गळ्याला ताण पडेपर्यंत तेच गाणे पाहुण्यांसमोर म्हणवून घेणे, यांना मी शिक्षण मानीत नाही, ते घरात होवो की वर्गात. शिक्षकांना या प्रकारांची चीड येते ती योग्यच आहे. तिच्यावरचा उपाय मात्र घराला गप्प करणे हा नाही.

म्हणून अमरावती-अकोल्यातील संगीतशिक्षकांकडे माझी मागणी आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन एखादी आई दाराशी आली, तर ‘आठव्या वर्षी आणा’ म्हणून तिला परत पाठवू नये. तिला आत बसवावे. तिला येत असलेली दोन गाणी, मग ती भुलाबाईची असोत, आरती असो की चित्रपटातली असोत, तिच्याकडून तेथेच म्हणवून घ्यावीत. पेटीवर तिचा आणि मुलाचा षड्ज शोधून तो कोणत्या पट्टीत आहे हे कागदावर लिहून द्यावे. आणि महिन्यातून एकदा, कोणतेही प्रमाणपत्र न देता, अशा आयांना, बापांना आणि आज्यांना त्यांच्या मुलांसह एकत्र गायला बोलवावे. त्यासाठी अभ्यासक्रम लागत नाही आणि शासनाची मंजुरीही लागत नाही. येत्या भाद्रपदात ते सुरू करता येईल.